चौथ्या मजल्यावरचं देवाचं पाणी

मंडळी, ऐका! आख्यान सुरू करायच्या आधी एक प्रश्न विचारते. उत्तर द्यायची घाई नको. प्रश्न असा — आपण एखाद्यावर माया करतो. त्याची सेवा करतो. रोज करतो, न चुकता करतो, अंगात ताप असला तरी करतो! आणि त्या सेवेनंच तो बिचारा मेला — तर दोष कुणाचा?

बघा, पुढच्या रांगेतल्या आजींनी वर बोट केलं! म्हणजे काय, तर देवाची इच्छा! आजी, देवावर ढकललं की आपण मोकळे, होय ना? पण आज तुमची पंचाईत आहे. आजच्या गोष्टीत जे पाणी आहे ना, ते देवाचंच आहे!

आता गोष्ट कुणाची? राजा नाही, ऋषी नाही, राक्षस तर नाहीच. आहेत ती घरात ठेवायची तीन झाडं. कुंडीतली! हे बघा, दामूअण्णांनी तबला सोडून माझ्याकडं बघितलं — बाई आज देवळात नर्सरी काढतात की काय! काढते. तुम्ही वाजवा!

तर सांगलीत एक गृहस्थ होते, नीलकंठराव कवठेकर. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून बत्तीस वर्षं काढली. काम काय? कालव्याचं पाणी पाळीपाळीनं सोडायचं. या शेताला आज, त्या शेताला परवा. दार उघडायचं, मोजून पाणी द्यायचं, दार बंद! या पाळीला आवर्तन म्हणतात. शेतकरी हातापाया पडले तरी हे आवर्तन मोडायचे नाहीत. "पिकाला पाणी लागतं तेवढंच लागतं," म्हणायचे, "तुमच्या समाधानासाठी नाही लागत!" हे वाक्य लक्षात ठेवा मंडळी. कारण ज्याचं आहे तो पुढं विसरणार आहे.

निवृत्त झाले. कालव्याच्या वसाहतीतलं घर सोडलं आणि मुलाच्या फ्लॅटवर राहायला आले. चौथा मजला. लिफ्ट नाही. मुलगा हृषीकेश मिरजेच्या कारखान्यात — सकाळी जातो तो संध्याकाळी उगवतो, त्याचं आपल्या गोष्टीत काही काम नाही. दिवसभर घरात तीन माणसं. नीलकंठराव, त्यांच्या मंदाकिनीबाई, आणि वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली सून, केतकी. शंकराला केतकी चालत नाही म्हणतात — पण या नीलकंठाला केतकी फार चालायची! चहा तिच्याच हातचा. पेपरातली बातमी तिला वाचून दाखवल्याशिवाय पान उलटायचं नाही.

आता अडचण ऐका. नीलकंठरावांची पूजा म्हणजे तासाचं काम. देव पाच, पण अंघोळ पन्नासांना पुरेल एवढी! तांब्याभर पाणी पळीपळीनं सोडायचं. ताम्हन काठोकाठ. आणि ते पाणी टाकायचं कुठं? मोरीत? छे छे! देवाच्या अंगावरचं पाणी पायदळी जाता कामा नये. वसाहतीत अंगणात औदुंबर होता, पाणी थेट त्याच्या बुंध्याशी. बत्तीस वर्षांत प्रश्नच पडला नाही. आणि इथं? चौथ्या मजल्याला अंगण कुठलं!

पहिले आठ दिवस खिडकीतल्या तुळशीला घातलं. तुळस केवढी? वीतभर. कुंडी केवढी? वाटीपेक्षा थोडी मोठी. वरनं घातलं की खालनं बाहेर — आणि खाली तिसऱ्या मजल्यावर खोतांचे पांढरे शर्ट वाळत घातलेले! खोत वर आले. भला माणूस. म्हणाले, "काका, देवाचा प्रसाद रोज मिळतोय, आनंद आहे. पण जरा आमच्या इस्त्रीचंही बघा."

झालं! दुसऱ्या दिवसापासून पूजा आटोपली की नीलकंठराव ताम्हन हातात घेऊन गॅलरीत उभे. इकडं बघायचे, तिकडं बघायचे. अख्ख्या तालुक्याच्या पाण्याला वाट काढून दिलेला माणूस, आणि आता ताम्हनभर पाण्याला वाट सापडेना! शेवटी दुखऱ्या गुडघ्यानं कठडा धरधरून चार जिने उतरायचे, मागच्या लिंबाच्या झाडाला पाणी घालायचे आणि पुन्हा चढायचे. वर येईपर्यंत चेहरा उतरलेला. दुखण्यानं नाही हो — या घरात आपल्या देवालाही जागा नाही असं त्यांना वाटायला लागलं होतं. सुनेनं हे पाहिलं. 

आता केतकीच्या मनात काय होतं? तिला घरी पाळणाघर काढायचं होतं. बालवाडीचं शिक्षण घेतलेली मुलगी, लेकरांत रमणारी. दुसऱ्या मजल्यावर रेणुका चौगुले राहायची, बँकेत नोकरीला. तिची ओवी सात महिन्यांची. रजा संपत आलेली. ती केतकीला म्हणाली होती, "तू सांभाळणार असशील तर मी डोळे मिटून कामावर जाईन." अजून दोन घरची बाळं यायला तयार होती. फक्त सासूबाईंचा होकार बाकी होता. तो मिळवायच्या आधी केतकीनं ठरवलं — हॉल जरा छान करावा. कोपऱ्यात हिरवंगार काहीतरी असावं.

म्हणून ती सासऱ्यांना घेऊन बेबीताई मान्यांच्या नर्सरीत गेली. बेबीताई म्हणजे झाडांची डॉक्टरीण! खुर्पं कमरेला, पदर खोचलेला.

"कसलं झाड पायजे बाई?"

"दिसायला छान हवं," केतकी म्हणाली, "आणि फार करावं लागू नये."

"समद्यास्नी तसंच पायजे असतंय!"

मंडळी, खरं आहे की नाही? नवरा तसाच हवा, बायको तशीच हवी, व्याही तसेच हवेत! दिसायला छान, आणि फार करावं लागू नये. देवसुद्धा आपण तसाच बघतो. हसताय? हसा. पुढं आपलीच पाळी आहे.

पण बेबीताईंची रीत बघा! झाड दाखवलं नाही. आधी प्रश्न. "खिडकी कुठल्या अंगाला? ऊन घरात किती येळ टिकतंय? आन् घरात मानसं किती?"

"माणसांचं काय?" केतकी म्हणाली.

"त्येच तर! ही झाडं इसरनाऱ्याची हायत. इसरलं की जगत्यात. आठवन काढनारी लई झाली की मरत्यात. घरात पानी येकानंच घालायचं. बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं. कोरडं लागलं तरच घालायचं, न्हाईतर हात लावायचा न्हाई."

एवढं मोलाचं सांगणं चाललंय आणि आमचे नीलकंठराव कुठं? नर्सरीच्या नळाशी! नळ ठिबकत होता ना! बत्तीस वर्षांची सवय. खाली वाकून वायसर बघतायत, पाणी वाया जातंय म्हणून हळहळतायत. कानावर काय आलं असेल तर शेवटचे दोन शब्द.

केतकीनं तीन झाडं घेतली. एक मनीप्लांट — सावलीतही वेल सोडतो. दुसरं ते झेडझेड — गडद पानं, तेल लावून पुसल्यासारखी चकचकीत. आणि तिसरं उभ्या पात्यांचं, कडेला पिवळी किनार. केतकीनं विचारलं, "ह्याचं नाव?"

"सासूची जीभ."

केतकीनं मागं वळून बघितलं. सासरे नळात गुंग. ती हळूच म्हणाली, "बेबीताई, हे नाव पुन्हा घेऊ नका."

घरी आल्यावर मंदाकिनीबाईंनी विचारलंच, "हे गं काय, पट्ट्यापट्ट्याचं?" केतकी म्हणाली, "पट्ट्यापट्ट्याचंच झाड, आई." सूनबाई खोटं बोलली नाही हं मंडळी! अर्धं बोलली. तीन कुंड्या हॉलमध्ये मांडल्या, प्रत्येक कुंडीखाली ताटली ठेवली. घर कसं उजळलं! मंदाकिनीबाई स्वतःहून म्हणाल्या, "छान दिसतंय हं."

दुसरा दिवस उजाडला. पूजा झाली. नीलकंठराव ताम्हन घेऊन उठले, आणि समोर बघतात तर — तीन कुंड्या! माती आहे! झाड आहे! खाली ताटली आहे, खोतांचे शर्ट सुखरूप! अहो, त्यांना अंगणातला औदुंबर भेटल्यासारखं झालं. सून स्वयंपाकघरात डबा भरतेय, बायको अंघोळीला. त्यांनी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि ताम्हनातलं पाणी तीन कुंड्यांत सारखं वाटलं. माणूस कालव्याचा! एका थेंबाचा पक्षपात नाही. ताटलीत आलेलं फडक्यानं टिपलं. मन भरून आलं त्यांचं. चार जिने वाचले, आणि देवाला जागा मिळाली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रोज!

महिना गेला. मनीप्लांटची पानं पिवळी पडायला लागली. झेडझेडचा देठ धरला तर पिकल्या केळ्यासारखा मऊ. मंदाकिनीबाई येता-जाता बघायच्या. आणि नेमक्या त्याच दिवसांत केतकीनं पाळणाघराचा विषय काढला. नीलकंठराव समोरच बसलेले, पेपराआड.

मंदाकिनीबाई वाईट नव्हत्या हो. भित्र्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, तीन कुंड्या जगवता येईनात, आणि लोकांची लेकरं घ्यायची? हाताला गुण लागतो बाई. उद्या कुणाच्या बाळाला साधी शिंक आली तरी बोल आपल्यालाच लागेल. मला नाही धीर होत."

केतकी म्हणाली, "बरं, आई."

पेपराआड नीलकंठरावांना फार वाईट वाटलं. एवढी गुणी पोर, आणि हिच्या हाताला गुण नाही! मग त्यांनी काय केलं? सांगा बघू! दुसऱ्या दिवशी देवाला दोन तांबे अंघोळ घातली. दुप्पट पाणी! आणि तिन्ही कुंड्यांत ओतताना अकरा वेळा म्हणाले, "देवा, हिच्या हाताला गुण दे. देवा, हिच्या हाताला गुण दे." देव्हाऱ्यातल्या देवानं तेव्हा कपाळावर हात मारून घेतला असेल — पण पितळेचा हात, उचलेना!

चार दिवसांत मनीप्लांट आडवा झाला. आणि त्याच संध्याकाळी नीलकंठराव भाजी घेऊन जिना चढत होते, तर वरच्या वळणावर केतकी आणि रेणुका बोलत उभ्या. केतकी म्हणत होती, "नको ताई, ओवीसाठी दुसरीकडं बघा. माझ्या हाताला गुण नाही." रडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. अगदी सरळ आवाजात म्हणाली, दूध नासलं सांगावं तशी. नीलकंठराव पिशवी धरून खालच्या पायरीवरच थांबले. रेणुका गेल्यावर मग वर चढले.

सकाळी त्यांनी ठरवलं, मेलेला मनीप्लांट फेकून द्यावा. तिच्या डोळ्यांसमोर तरी नको. कुंडी गॅलरीत नेली आणि पालथी केली. मातीचा काळा गोळा थपकन खाली पडला. आणि वास आला.

मंडळी, तो वास त्यांनी ओळखला. नाकानं आधी ओळखला, डोक्यात नंतर शिरला. चिबड जमिनीचा वास! कालव्याच्या तोंडाशी ज्यांची शेतं असतात ना, ती माणसं हावरटासारखं पाणी घेतात. रोज पाणी, भरपूर पाणी! आणि मग जमीन चिबडते. ऊस पिवळा पडतो, मुळं कुजतात, माती हातात घेतली की असाच घाण वास येतो. अशा किती शेतांच्या बांधावर उभं राहून नीलकंठराव ओरडले होते! काय ओरडले होते? आठवतंय ना? "पिकाला पाणी लागतं तेवढंच लागतं! तुमच्या समाधानासाठी नाही लागत!"

ते गॅलरीतल्या स्टुलावर बसले. त्या मातीच्या गोळ्यात एक अक्षत दिसत होती. कुंकू लागलेली. तेव्हा त्यांच्या मनात काय आलं ते मी जरा चालीवर सांगते. कुणा संताचं नाही हं हे, माझंच आहे. चुकलं तर शिव्या मला घाला —

ओतियले पाणी । आपुल्या सुखास ।
पुसिले ना त्यास । हवे काय ॥

थांबवा तबला. आता मला सांगा, चूक कळली. पुरावा समोर. मग नीलकंठराव उठले, आत गेले आणि "मी केलं" म्हणाले का? ... नाही म्हणाले! का? तुम्ही म्हणता का? मी तरी म्हणते का? देवाच्या पाण्यानं झाड मेलं हे तोंडानं म्हणायचं कसं? आणि सुनेसमोर म्हणायचं कसं? त्यांनी ती अक्षत उचलून खिशात टाकली, माती पिशवीत भरली, आणि दुसऱ्या दिवसापासून गुपचूप ताम्हन घेऊन पुन्हा चार जिने उतरायला लागले. गुडघा ठणकायचा. त्यांना वाटायचं, फेडतोय आपण. पण झेडझेड हाती लागलं नाही, तेही गेलं. आणि केतकीला तर या फेडण्याचा काहीच उपयोग नव्हता.

उरली फक्त ती तिसरी कुंडी. पंधरा-वीस दिवस गेले आणि तिच्यात बोटाएवढं नवं पातं वर आलं! मंदाकिनीबाईंनी मधे मीठ-मोहऱ्या ओवाळल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बघा, मी दृष्ट काढली म्हणून तगलं!" नीलकंठराव म्हणाले, "हं." फक्त एवढंच. पण मंडळी, आयुष्यात ते कधी एवढं मोठं खोटं बोलले नसतील.

आणि आला चैत्र! चैत्रगौरीचं हळदीकुंकू. झोपाळ्यात गौर बसलेली, कैरीची डाळ, पन्हं, मोगऱ्याचा वास. दहा-बारा बायका हॉलमध्ये. पुरुषांना त्या दिवशी घरात किंमत किती, ते मी सांगायला नको! नीलकंठरावांना डाळीची बशी देऊन आतल्या खोलीत बसवलेलं. दार अर्धवट लोटलेलं.

बाहेरचं बोलणं आत ऐकू येत होतं. खोतवहिनींनी विचारलं, "रेणुका, ओवीचं काय ठरलं गं?" रेणुका म्हणाली, "कुठंच मन धजत नाही वहिनी. सोमवारी राजीनामा देतेय." "अगं, केतकी सांभाळणार होती ना?" आणि मंदाकिनीबाईंनी कुंकू लावता लावता हसत हसत म्हटलं, "आमच्या सूनबाईंचं सगळं चांगलं हो, फक्त हाताला गुण नाही! तीन झाडं आणली, दोन गेली. एक आहे ते मी जगवलं!"

बायका हसल्या. थट्टाच ती. केतकी पन्हं देत फिरत होती, तीही हसली. आणि दाराच्या फटीतून नीलकंठरावांनी ते हसू पाहिलं. त्यांच्या हातातल्या डाळीचा घास तोंडापर्यंत गेला नाही.

उठले! बंडीवर होते, खांद्याला पंचा. तसेच दार उघडून बाहेर! हळदीकुंकवात! बायका चपापल्या, कुणी पदर सावरला. मंदाकिनीबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही इकडं कुठं?"

"ती दोन झाडं मी मारली," नीलकंठराव म्हणाले.

कुणाला काही कळेना. ते म्हणाले, "रोज सकाळी देवाच्या अंघोळीचं पाणी मी त्या कुंड्यांत ओतत होतो. दीड महिना. मध्ये तर दुप्पट ओतलं. मुळं कुजून गेली. मला कळून महिना होत आला, आणि मी गप्प बसलो."

मंदाकिनीबाईंना हे पटेना. "देवाच्या पाण्यानं कधी झाड मरतं का हो?"

मंडळी, इथं कान द्या! कारण तुमच्याही मनात हेच आलंय. नीलकंठरावांनी काय उत्तर दिलं? म्हणाले, "मंदा, पाणी देवाचं असलं तरी मूळ झाडाचंच असतं. मुळाला हवा लागते. उगाच देवाला मध्ये आणू नकोस. देवानं ताम्हनभर पाणी कधी मागितलं होतं? मला ओतायला बरं वाटत होतं, म्हणून मी ओतत होतो." मग रेणुकाकडं वळले. "हाताला गुण नाही असं ही तुला म्हणाली ना? मी जिन्यात ऐकलं. ते खरं नाही. हिचा हात त्या कुंड्यांना महिन्यातून दोनदा लागला असेल. बाकी सगळा हात माझा."

 तेवढ्यात केतकी हळूच म्हणाली, "मला माहीत होतं, बाबा."

"काय?"

"तिसऱ्याच दिवशी कळलं. बोट घालून बघितलं तर माती ओली. मातीत अक्षता होत्या."

नीलकंठराव तिच्याकडं वळले. "मग... मग बोलली का नाहीस पोरी?"

ती म्हणाली, "तुम्ही ताम्हन घेऊन गॅलरीत उभे राहायचात. रोज बघत होते मी. झाडं आली आणि तुम्ही उभं राहायचं थांबलात. मग मी कसं बोलणार?"

नीलकंठरावांनी पंच्यानं तोंड पुसलं. पुसतच राहिले. बायकांपैकी कुणी वर बघेना.

आता मंदाकिनीबाई! त्यांना गप्प बसता आलं असतं. दोष नवऱ्यावर गेलाच होता, यांचं कुणाला ठाऊक होतं? पण त्यांनी कुंकवाची कुयरी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "दुपारी ताकाचं भांडं विसळलं की ते पाणी... मीपण घालत होते. तिघांनाही. म्हटलं, उन्हाळा लागतोय, थंडावा मिळेल."

केतकी दचकली. "आई! तुमचं नव्हतं हो माहीत मला!"

आणि मग जो हशा पिकला! खोतवहिनींना ठसका लागला. त्यातून सावरत त्यांनी विचारलं, "पण काय गं, हे एवढं सोसून जे उरलंय, त्या झाडाचं नाव तरी काय?" केतकीनं सासूकडं बघितलं. आता काय लपवायचं! म्हणाली, "सासूची जीभ."

 मग मंदाकिनीबाई म्हणाल्या, "तरीच! ताक मानवलं तिला."

हसता हसता उठल्या. रेणुकाच्या मांडीवरची ओवी उचलली आणि केतकीच्या मांडीवर ठेवली. "घे. उद्यापासून घे. आणि एक ऐक — हिचं खाणंपिणं तूच बघायचं. मी मागं लागले तरी मला देऊ द्यायचं नाही. समोर दिसलं की मला राहवत नाही बाई."  रेणुकानं पर्समधून राजीनाम्याचा कागद काढला आणि त्याचीच घडी करून ओवीला वारा घालत बसली.

पुढं काय झालं? सासरे आणि सून, दोघं पुन्हा बेबीताईंकडं गेली. या वेळी नीलकंठराव नळाकडं फिरकले नाहीत! बेबीताईंनी विचारायच्या आतच सांगून टाकलं — "खिडकी पूर्वेला. गॅलरीत दुपारपर्यंत ऊन. घरात माणसं चार, त्यातली दोन राहवत नाही अशी. रोज ताम्हनभर पाणी पिऊन जगेल असं झाड द्या."

बेबीताई म्हणाल्या, "आता कसं बोललासा! कर्दळ न्या. कर्दळीला पानी नगं झालंय असं म्या अजून बघितलं न्हाई."

कर्दळ आली, गॅलरीत मोठ्या कुंडीत बसली. रोज सकाळी देवाचं पाणी तिला, दुपारी ताकाचं विसळण तिला. आणि हॉलमधल्या त्या पट्ट्यापट्ट्याच्या झाडावर हात फक्त केतकीचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नीलकंठरावांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं — आवर्तन, दर तिसरा रविवार. इतर दिवशी दार बंद. दोन महिन्यांनी कर्दळीला लाल फूल आलं. त्यांनी ते तोडून देवाला वाहिलं, आणि खालच्या सतरंजीवर रांगणाऱ्या तीन लेकरांनी ओरडून ओरडून त्यांची पूजा मोडली. त्या दिवशी ती तासाची पूजा पंधरा मिनिटांत आटोपली. देवाची काही तक्रार आल्याचं ऐकिवात नाही.

तर मंडळी, घरात झाड आणायचं असेल तर झाडाकडं नंतर बघा. आधी घराकडं बघा, ऊन कुठवर येतं बघा, आणि आपल्यात राहवत नाही असं कोण आहे ते ओळखा. एवढं कुंडीपुरतं झालं. पण कुंडीवर थांबू नका!

पोट भरलंय म्हणणाऱ्या म्हाताऱ्या वडिलांच्या ताटात चौथी पोळी वाढणारे इथं किती आहेत? परगावी नोकरीला गेलेल्या लेकीला दिवसातून पाच फोन करणाऱ्या किती? ती उचलत नाही म्हणून रडणाऱ्या किती? तुमची माया खोटी नाही हो. नीलकंठरावांची तरी कुठं खोटी होती! पण विचारलं का कधी, की बाबा रे, तुला तहान आहे का? आणि केतकीसारखं सगळं माहीत असून गप्प बसणाऱ्यांनो, तुम्हीही फार मान डोलवू नका. दोन झाडं गेली ती तुमच्याही गप्प बसण्यानं गेली.

आता आरती होईल, तीर्थ मिळेल. प्रत्येकाला पळीभरच मिळेल, दुसऱ्यांदा हात पुढं करू नका. ज्यानं तहान दिली आणि ती ओळखायला बोटं दिली, त्याच्या नावानं एकदा टाळी वाजवा आणि घरी जा.

आणि आजी, प्रश्न विचारल्यावर तुम्ही ते बोट वर केलं होतं ना? ते आता खाली घ्या. घरी गेल्यावर दोन पेरं मातीत घालून बघा.